टिटवीची नालस्ती

मुकादमानं टिटवीची इतकी नालस्ती केली, की आईला भरूनच आलं.

आई शेडमध्ये आली होती गोणपाटाचा तुकडा मागायला. डोक्यावरची चुंबळ झिजून चिंधी झाली होती आणि मिठाच्या टोपलीचा काठ टाळूत रुतत होता. मुकादम फोनवर होता. त्याचा डावा कान पंपाच्या आवाजानं कधीच गेलेला, उजव्याचाही भरवसा नाही. म्हणून तो फोन तोंडासमोर धरायचा, स्पीकर लावायचा आणि बांधावरून हाक मारावी तसा ओरडून बोलायचा. पलीकडे एक बाई बोलत होती. आवाज शांत, शब्द मोजूनमापून.

"ती तुमच्याकडे कामाला आहे ना? कशी आहे कामाला? अगदी मोकळेपणानं सांगा."

"कामाला?" मुकादम म्हणाला. "कसलं काम अन् कसलं काय! एक नंबरची आळशी. मीठ ओढायला सांगावं तर पाण्यात बघत बसते. तास तास बघते! तब्येत तोळामासा. खायला मात्र दोघांचं लागतं."

"बरं. आणि सहकाऱ्यांशी वागणं?"

"भांडकुदळ. काहीही सांगा, आधी 'का' म्हणून विचारणार. कुणाचं ऐकून घ्यायचं म्हणून नाही. बाई, माझं ऐका, तुम्ही दुसरीकडे बघा. हिला नेऊन पस्तावाल."

पलीकडच्या बाईनं, "स्पष्ट बोललात, आभारी आहे," असं म्हणून फोन ठेवला.

मुकादमानं फोन खिशात घातला आणि आईकडे बघून मिशीत हसला. "विद्यापीठातली बाई होती, वहिनी. तुमची टिटवी न्यायची म्हणते. फुकट आहे का!"

आईचे डोळे पाण्यानं भरले. तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं, तर पदराचं मीठ डोळ्यात गेलं आणि अजूनच पाणी आलं. इतकी वर्षं मिठागरावर खपली ती, पण मुकादमानं तिची एवढी निंदा कधी केली नव्हती. तिच्या नवऱ्याचीही नाही.

आता परक्या माणसाला हे उलटंच वाटेल. पण त्या मिठागरांवरची रीतच तशी होती. हंगाम भरात आला की एका मिठागराचा मुकादम दुसऱ्याकडची माणसं पळवायला टपलेलाच. कुणी येऊन विचारलं, 'अमका कसा आहे हो कामाला?', की समजायचं, हा माणूस न्यायला आला. मग आपला चांगला गडी राखायचा असेल तर त्याला तोंड भरून नावं ठेवायची. विचारणाराही काही दुधखुळा नसायचा. जितक्या शिव्या जास्त, तितका गडी मोलाचा, हे तो मनात धरायचा आणि मजुरी वाढवून परत यायचा. आणि मुकादमानं एखाद्याचं कौतुक केलं की संपलंच! त्याचा अर्थ, हा आम्हाला नको झालाय, आजच घेऊन जा. कौतुक कुणाच्याही तोंडून चारचौघांत झालं, तरी त्या माणसाचं नाव त्याच दिवशी हजेरीतून जायचं. असाच 'हिरा आहे हिरा' म्हणून दिलेला पाण्याच्या दारावरचा एक माणूस पुढच्या मिठागरावर दार उघडं टाकून झोपला आणि भरतीचं पाणी तयार मिठावर चढलं. त्यावरून लोक अजून हसत होते.

म्हणून आई शेडमधून निघाली ती तरंगतच. तिच्या मते आता विद्यापीठवाले भाव वाढवून परत येणार होते.

बाहेर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पश्चिमेला आभाळ शिसं ओतल्यासारखं जड झालं होतं. वारा पडलेला, हवा अंगाला चिकटणारी. हंगाम संपायला अजून अवकाश असताना हे अवकाळीचं सावट आलं होतं, आणि मीठ तर बांध घातलेल्या उथळ कोंड्यांमध्ये उघडंच पडलेलं. पाणी आटून पांढरा थर बसलेला, तो दंताळ्यानं ओढून बांधाला लावायचा, टोपल्या भरायच्या आणि उंचवट्यावर रास करून ताडपत्रीनं झाकायची. चार सरी जरी आल्या तरी सगळं मीठ पाण्याचं पाणी होऊन जाणार. सकाळपासून सगळं मिठागर एका रांगेत लागलं होतं. या टोकाकडून त्या टोकाला टोपल्या, या डोक्यावरून त्या डोक्यावर.

टिटवी कोंडीत घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती. अंगानं काटकुळी, पाय लांबलचक, आणि लहानपणी रात्री-अपरात्री केकाटायची म्हणून तिला टिटवी म्हणायला लागले, ते एम.एस्सी. झाली तरी तेच राहिलं. तिच्या घोट्यांच्या वर, जिथं खारं पाणी संपतं, तिथं कातडीची एक लालभडक रेघ होती. बाप बांधावर बसून टोपल्या भरत होता. त्याच्या टाचांना एवढ्या भेगा पडल्या होत्या की सकाळी तो त्यांत मेण वितळवून भरायचा तेव्हा कुठं पाऊल टेकायचं. आता त्याला पाण्यात उतरवत नव्हतं. मुकादम तिकडं काणाडोळा करायचा, एवढे उपकार होते.

डबा खायला तिघं बांधाच्या आडोशाला बसली तेव्हा आईनं बातमी दिली. अगदी रंगवून दिली. मुकादमाचा आवाज काढून, हातवारे करून.

"आळशी म्हणाला, तास तास पाण्यात बघते म्हणाला, भांडकुदळ म्हणाला, खायला दोघांचं लागतं म्हणाला! काही म्हणजे काही ठेवलं नाही. पस्तावाल म्हणाला!"

"वा!" बाप म्हणाला. "तास तास बघते, हेही म्हणाला? म्हणजे लईच."

टिटवीचा घास हातातच राहिला.

"कुणाला?" तिनं विचारलं. "आई, कुणाला म्हणाला हे?"

"अगं तीच ती तुझी गाईडबाई. विद्यापीठातली."

टिटवी उठून उभी राहिली, मग परत बसली. तिचा चेहरा इतका उतरला की आईला वाटलं, उन्हाचा झटका बसला. आई पाण्याची बाटली घेऊन तिच्या तोंडाला लावायला गेली, तर तिनं ती ढकलली.

"आई, ती मिठागरावरची बाई नाहीये! तिला आपली रीत काय माहीत? तिनं काकांना विचारलं, मुलगी कशी आहे. काका म्हणाले, आळशी आहे, घेऊ नका. तिनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं असणार! झालं सगळं. मातीत गेलं."

"मातीत कशाला जाईल? एवढी शिकलेली बाई, तिला एवढं कळू नये?"

"नाही कळत गं! तिकडं चांगलं म्हणजे चांगलं आणि वाईट म्हणजे वाईट!"

बापानं डब्याचं झाकण लावलं. तिघांपैकी कुणालाच पुढं जेवण गेलं नाही.

ही पीएचडीची जागा टिटवीला काही सहज सापडलेली नव्हती. एम.एस्सी. झाल्यापासून ती रोज संध्याकाळी, हातांच्या चिरांना तेल लावून, फोन घेऊन बसायची आणि कुठल्या कुठल्या विद्यापीठांच्या जाहिराती चाळायची. तिला पुढं शिकायचं होतं, पण घरून दमडी मिळणार नव्हती. त्यामुळं हवी होती ती पगारी जागा. संशोधन करायचं आणि दरमहा फेलोशिपचे पैसे मिळायचे, अशी. तिनं प्राध्यापकांना ईमेल लिहिले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकानं कळवलं, जागा आहे पण पैसे नाहीत. दुसऱ्यानं कळवलं, पैसे आहेत पण तुमचा विषय आमच्यात बसत नाही. एकानं चांगली दोन पानं लिहिली आणि शेवटी म्हटलं, पहिलं वर्ष स्वतःच्या खर्चानं काढा, मग बघू. टिटवी ते वाचून हसत सुटली होती आणि मग उठून बाहेर जाऊन बसली होती.

तिचा विषय म्हणजे कोंडीतलं गुलाबी पाणी. मीठ धरायच्या आधी पाण्यावर लाली चढते. ती लाली म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, एवढ्या खारटात ते जगतात तरी कसे, हे तिला शोधायचं होतं. आणि सापडली नेमकी ही गाईडबाई. तिला तेच हवं होतं आणि तिच्याकडे पैसेवाली जागाही होती. एकच. टिटवीची मुलाखत झाली, चांगली झाली. मग बाईंनी दोन माणसांची नावं मागितली, तिची माहिती देऊ शकतील अशी. कॉलेजच्या सरांनी पत्र दिलं. पण सरांचं एकच पत्र ठरलेलं, त्यात फक्त नाव बदलायचं. टिटवीच्या पत्रात 'क्रिकेट उत्तम खेळते' असं तसंच राहून गेलं होतं. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, जिथं हातानं काम केलंय तिथल्या माणसाशी मी स्वतः बोलेन, त्यावर माझा जास्त विश्वास. टिटवीनं मुकादमाचा नंबर दिला. येऊन मुकादमाला सांगितलंही होतं, 'काका, विद्यापीठातून फोन येईल, माझ्याबद्दल विचारतील, नीट सांगा हं.'

आणि त्यानं त्याच्या परीनं अगदी नीट सांगितलं होतं.

टिटवीनं तिथंच बांधावर उभं राहून बाईंना फोन लावला. आई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. टिटवी घाईघाईनं सगळं सांगत होती, रीत काय, नालस्ती म्हणजे काय, सांगताना तिचं तिलाच ते खोटं वाटत असावं असा तिचा आवाज होता. मग ती नुसतं ऐकत राहिली.

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"म्हणाल्या, मी समजू शकते. पण उमेदवारानं स्वतःच केलेला खुलासा समितीत चालत नाही. ज्यांनी सांगितलं, त्यांनीच परत सांगायला हवं. समिती आत्ता बसतेय. माझं नाव त्या शेवटी घेणार आहेत. तोवर काकांचा फोन आला तर आला."

"मग काय, चला!" आई उठली. "मुकादम काय परका आहे?"

मुकादम पंपाजवळ होता, आभाळाकडं बघत शिव्या देत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

"म्हणजे मी आता फोन करून हिचं कौतुक करू?"

"खरं तेच सांगायचं, काका. जे आहे ते."

"अगं ए, मी कौतुक केलं म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुला? नाव हजेरीतून गेलं. आजपासून. मी एकदा केलेलं कौतुक परत घेतलंय असं कधी झालंय?"

"मला जायचंच आहे, काका."

"तुला जायचंय. यांना?" त्यानं आईकडं बोट केलं. "वहिनी, तुम्ही तरी विचार करा. मालकाची खोली आता तीन जोड्या हातांच्या घरालाच मिळते. ही गेली की राहिल्या दोन. दोन कशाच्या, दीड! तुमच्या घरधन्याचे पाय मी बघत नाही का? आणि दाराशी माणसं रांग लावून उभी आहेत खोलीसाठी. मालक मला विचारेल, मी काय सांगू?"

हे आईला माहीत नव्हतं असं नाही. फेलोशिप मिळाली की हंगाम संपल्यावर पोरगी जाईल, तोवर मुकादमाला गोड बोलून काहीतरी जमवू, असं तिनं मनातल्या मनात धरलं होतं. त्या खोलीतच टिटवी रांगली होती. भिंतीला मिठाची बुरशी यायची, छपरावर पत्रा वाजायचा, पण दार लावलं की ते घर होतं. नवऱ्याच्या असल्या टाचा घेऊन कुठल्या मिठागरावर उभं राहायचं? कोण घेणार होतं?

"आणि आज?" मुकादम म्हणाला. "हे आभाळ बघा. आज एकेक हात मला सोन्याचा आहे, आणि मी माझ्या तोंडानं एक हात कमी करू? व्हा पुढं. रांग थांबलीय."

टिटवी वळली आणि थेट कोंडीत उतरली. तिनं दंताळं उचललं आणि मीठ ओढायला लागली. रोजच्यापेक्षा जोरानं. आई रांगेत उभी राहिली. नवी चुंबळ डोक्यावर होती, पण टोपली आता दुप्पट जड लागत होती. एक टोपली नेली, दुसरी नेली. प्रत्येक खेपेला ती टिटवीजवळून जायची आणि प्रत्येक खेपेला पोरगी मान खाली घालून ओढतच असायची. रडत असती तर बरं झालं असतं. आईला स्वतःचाच संताप यायला लागला. आपण तिला बातमी दिली ती काय नाचत, काय हातवारे करत! आणि मुकादमापुढं वाचा बसली. पोरीनं वळून आईकडं बघितलंसुद्धा नव्हतं, तू बोल म्हणून. ती धरूनच चालली होती की खोलीपुढं आई बोलणार नाही.

पश्चिमेला एकदा गुरगुरलं. समितीत आता कितवं नाव चाललं असेल, आईला काय कळणार! शेवटचं म्हणजे किती वेळानं?

टोपली भरून घ्यायला ती नवऱ्यापाशी वाकली. तो फावड्यानं मीठ भरत होता.

"मी बोलले तर खोली जाते," ती हळूच म्हणाली.

"जाते," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं फावड्यानं थोपटून मीठ बसवलं. "माझी तर नालस्ती करायलासुद्धा आता कुणी येत नाही. मी इथं किती दिवसांचा? बोल तू. पण लवकर बोल, ती पोरगी हात मोडून घेईल."

आईनं टोपली उचललीच नाही. ती तशीच बांधावर चढली, जिथून सगळी रांग दिसत होती, आणि कमरेवर हात ठेवून मोठ्यानं ओरडली, "अहो, ऐका सगळ्यांनी! माझी पोरगी कामाला वाघीण आहे!"

रांग जागच्या जागी थबकली. कुणाच्या तरी डोक्यावरची टोपली कलंडून मीठ सांडलं. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं बये, तोंड आवर! आई असून पोरीला दृष्ट लावतेस?"

"लागू दे दृष्ट! या अख्ख्या मिठागरावर तिच्यासारखी पोरगी नाही! पहाटे उठून पाणी मापते, दिवसभर मीठ ओढते, संध्याकाळी शिकते! खोटं बोलत नाही, चोरी करत नाही, कुणाचं मन दुखवत नाही. हुशार तर इतकी आहे की मला तिचं निम्मं कळत नाही! ऐकलंत ना सगळ्यांनी? झालं माझं कौतुक करून! घाला तिचं नाव हजेरीबाहेर!"

एवढं बोलून तिचा श्वास संपला. इतकी माणसं तिच्याकडं बघत होती की तिला एकदम लाज वाटली आणि तिनं पदर सारखा केला. टिटवी पाण्यात दंताळं धरून उभी होती.

मुकादम बांधावरून धावत आला.

"वहिनी, काय करून बसलात हे!"

"तुमच्या तोंडून निघत नव्हतं, मी काढलं," आई म्हणाली. "आता तुमच्याकडं राखायला काही उरलं नाही. तिचं नाव गेलं, आमची खोली गेली. आता फोन तेवढा करा, भाऊ."

"मालक मला…"

"मालकाला सांगा, आईनंच कौतुक केलं, मी काय करणार. भाऊ, वेळ जातोय हो!"

मुकादमानं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा थांबलेल्या रांगेकडं. मग तो रांगेवर खेकसला, "बघता काय! चला, उचला!" आणि हात शर्टाला पुसून त्यानं फोन काढला. टिटवी पाण्यातून वर आली. तिनंच नंबर लावून दिला. तिच्या बोटांतून खारट पाणी फोनच्या काचेवर टपकत होतं. घंटी वाजत राहिली. कुणी घेईना. दुसऱ्यांदा लावला.

"बोला," बाईंचा आवाज आला, दबका. "मी बैठकीत आहे. तिचंच नाव आत्ता घ्यायचं आहे."

"बाई, मी मिठागरावरचा मुकादम. सकाळी बोललो तो." आयुष्यभर त्यानं शिव्याच दिल्या होत्या, त्यात तो तरबेज होता. चांगल्याला सुरुवात कुठून करतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. "सकाळी बोललो ते… ते माणूस राखायला बोलतात तसं बोललो. आमच्यात तसंच बोलतात. ती मुलगी… बरी आहे."

टिटवीनं डोळे मिटून घेतले. आईला वाटलं, याच्या पाठीत एक धपाटा घालावा.

"बरी म्हणजे?" बाईंनी विचारलं. "मला एखादी घडलेली गोष्ट सांगा."

मुकादम विचारात पडला. बोलला तेव्हा त्याचं ओरडणं कमी झालं होतं.

"आमच्याकडं पाण्यात काचेची नळी घालून खार मापतात. खार पुरेसा झाला की पाणी पुढच्या कोंडीत सोडायचं. ते माप ही घेते. मागच्या हंगामात एकदा तिनं माप घेतलं, मी पाणी सोडलं, मीठ जरा कडू आलं. जरासंच. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. ही स्वतः आली शेडमध्ये. म्हणाली, काका, माझं माप चुकलं, मी घाईत वाचलं. मालक होता तिथं. त्यानं तिला सगळ्यांसमोर नको नको ते बोलून घेतलं. ही उभी राहिली. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? तर मी तिला म्हटलं, कशाला सांगितलंस? तर म्हणते, पुढच्या मापावर तुम्ही विश्वास कसा ठेवणार?"

मागं कुणीतरी कागद हलवल्यासारखा आवाज झाला.

"आणि तिच्यात दोष काय आहेत?" त्यांनी विचारलं. "तेही हवेत मला."

"दोष ना? सकाळी सांगितले त्यातलं आळशी खोटं. भांडकुदळ खोटं. 'का' म्हणून विचारते, ते मात्र खरंय बाई. ते तुम्हाला सोसावं लागेल."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "बैठक संपली की तिला कळवते." फोन बंद झाला.

मुकादमानं कपाळावरचा घाम पुसला. "छे! मीठ ओढणं परवडलं यापेक्षा."

टिटवी त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो मागं सरला. मग ती वळली आणि बांधावरची भरलेली टोपली उचलायला गेली. आभाळ अगदी माथ्यावर आलं होतं आणि अर्ध्या कोंड्या अजून उघड्या होत्या.

"ती ठेव खाली," मुकादम म्हणाला.

"काका, पाऊस येतोय!"

"येऊ दे. तुझं नाव हजेरीत नाही. नाव नसलेल्याचा हात मिठाला लागायचा नाही, मालक बघेल तर माझी मान कापेल. उभी राहा तिकडं."

टिटवीनं टोपली खाली ठेवली. काठ सोडवेना तिला. शेवटी आईनंच तिचे हात बाजूला केले, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चालू लागली. टिटवी उंचवट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, फोन छातीशी धरून. जन्मल्यापासून ती या मिठात होती आणि आज पहिल्यांदा रिकाम्या हातांनी उभी राहून आईबापाला राबताना बघत होती. तिच्या वाटणीची खेप आई मारत होती. बापही मेण भरल्या टाचा घेऊन कोंडीत उतरला होता. त्यानं तिनं टाकलेलं दंताळं घेतलं होतं आणि पाण्यात पाय पडताच दातावर दात दाबले होते. टिटवी दोनदा पुढं झाली. दोन्ही वेळा मुकादमानं नुसतं बोट वर केलं आणि ती मागं हटली.

आई खेपेमागून खेप घालत होती. मान ताठ ठेवावी लागत होती, त्यामुळं पोरीकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच बघता येत होतं. फोन वाजतोय का? नाही. परत आली. वाजतोय का? नाही. खोली तर घालवून बसलो, आणि तिकडं नाही म्हणाले तर? मग तिघांनी जायचं कुठं? बाई 'ठीक आहे' म्हणाल्या ते कसलं ठीक? आईनं त्या दोन शब्दांचा किती कीस पाडला तरी त्यातून काही निघेना.

पहिले थेंब आले. मोठे, गार, एकेक सुटे. राशीवर पडले तिथं मिठात खड्डे पडले. माणसं धावायला लागली. ताडपत्रीचं एक टोक धरून मुकादम ओरडत होता. आई टोपली घेऊन चढण चढत होती, पायाखाली बांधाची माती निसरडी झाली होती, आणि तेवढ्यात टिटवीची हाक आली. लहानपणी यायची तशीच, कर्कश.

"आई! मिळाली गं! मिळाली जागा!"

आईचा पाय घसरला, पण टोपली पडू दिली नाही तिनं. पोरगी पावसात हात वर करून उभी होती, हसत होती आणि ढसढसा रडत होती. खाली कोंडीत बापानं दंताळं टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. आईला टोपली फेकून द्यावी आणि धावत जाऊन तिला मिठी मारावी असं वाटलं. पण रास अजून उघडी होती, आणि आजचा दिवस तरी आईचे हात हजेरीत होते. तिनं टोपली वर नेली, राशीवर ओतली, मोकळी केली आणि मग वळून जोरात ओरडली, "मग भिजत काय उभी राहिलीस, वेडाबाई! खोलीत जा आणि सामान बांधायला घे. तुझं एकटीचं नको, सगळ्यांचं बांध!"